मुखवट्याच्या आतला माणूस

सुमेध गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही. मला ते दिसलं. मी शिकवते त्या सौंसरच्या शाळेत मधल्या सुट्टीत फोन उघडला, तर गावाच्या ग्रुपवर विजेच्या खांबाला पट्ट्यानं लटकलेल्या एका माणसाचा फोटो फिरत होता. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. चेहरा दिसत नव्हता, पण ती पाठ माझ्या धाकट्या भावाची होती... पांढुर्ण्याला त्याच्या बायकोला, वर्षाला, फोन लावला, तर ती म्हणाली, ‘‘ताई, ते अजून जेवायले नाही आले, पोया झाकून ठेवून राहिली.’’ फोटो काढायला लोकांना वेळ होता, पुढं पाठवायलाही होता. घरी कळवायला तेवढा कोणाला नव्हता.

सुमेध ठेकेदाराकडं लाईनमन होता. तिगावपासून सावरगावपर्यंत कुठंही तार तुटली की आधी त्याला बोलावणं यायचं. पण गावात त्याची ओळख वेगळीच होती. दोन पोरींचा बाप असून हा जपानी सुपरहिरोची मालिका बघतो, म्हणून लोक हसायचे. हे वेड मोहगावातलं, आमच्या लहानपणचं. शेजारच्यांकडं केबल होती आणि तिथं ती मालिका हिंदीत लागायची. मोठेपणी तो ती मोबाईलवर मूळ जपानीत बघू लागला, खालच्या इंग्रजी ओळी अडखळत वाचत. मालिकेचं नाव मी लिहीत नाही. ते ऐकूनच लोक हसायला लागतात आणि आता मला कोणाचंही हसू नको आहे.

एका रविवारी मी त्याला विचारलं होतं, यात एवढं मोठं काय आहे? रबराचे कपडे, पुठ्ठ्याच्या इमारती, उडणाऱ्या राक्षसाला बांधलेली दोरीसुद्धा दिसते. तो चिडला नाही. मला शेजारी बसवून त्यानं एक अख्खा भाग दाखवला. त्यातला नायक बेकरीत पाव भाजणारा. लढाई संपवून धावत परत येतो आणि उशीर झाला म्हणून मालकाची बोलणी खातो. सुमेधचं म्हणणं असं की, बाकीच्या हिरोंना लागतच नाही, मग ते भिणार कशाला? याला लागतं. मार खाऊन खाऊन मुखवट्याला तडा जातो, त्यातून एक डोळा दिसतो आणि तो डोळा घाबरलेला असतो. तरी तो उठतो. आणि मारलेला राक्षससुद्धा आधी कोणीतरी माणूस असतो, म्हणून जिंकल्यावर हा नाचत नाही, मान खाली घालून उभा राहतो. लेकरांच्या मालिकेत मेलेल्याला मेलेला म्हणतात, खोटं सांगत नाहीत, याचं त्याला फार अप्रूप होतं. शेवटी नावं सरकू लागली तेव्हा मी उठायला लागले, तर त्यानं हात धरला.

‘‘थांब ना ताई. पोशाख घालून पडते, आपटते, आगीतून पयते, तो हिरो नसते. तो दुसराच माणूस असते आतमंधी. त्याचा चेहरा कोणालेच दिसत नाही. निदान नाव तं वाच.’’

मी ते नाव वाचलं. आज आठवत नाही...

त्या दिवशी वाऱ्यानं तिगावच्या रस्त्यावर तार तुटली होती. लाईन बंद केली, चढ, असा निरोप त्याला फोनवर आला. तो चढला. इकडं सबस्टेशनवर लोकांचे फोनवर फोन, लाईट कधी येणार म्हणून. कोणीतरी वैतागून लाईन सुरू केली. खांबावर माणूस आहे का, हे विचारलं नाही. सुमेधच्या हातात मोजे नव्हते. ते तो कितीतरी महिन्यांपासून मागत होता आणि ठेकेदार दरवेळी ‘वरून आले की देतो’ म्हणायचा. चौकशीच्या कागदावर मात्र आलं, कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.

मग शोकसभा झाली. पोरीच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी सुमेधनं पुठ्ठ्याचा मुखवटा करून घातला होता, त्याचा फोटो कोणीतरी शोधून मोठा करून लावला. जे हसायचे तेच माईकवर आले. एक पुढारी म्हणाले, सुमेध आपल्या पांढुर्ण्याचा सुपरहिरो होता, गावासाठी त्यानं बलिदान दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी जागेवरूनच उभी राहिले आणि म्हणाले, त्यानं काहीही दिलेलं नाही, त्याच्याकडून घेतलं गेलं. तो जेवायला घरी येणार होता. त्याला हिरो म्हटलं की कोणाला काही विचारावं लागत नाही, म्हणून तुम्हाला हा शब्द सोयीचा आहे. एकानं मला बसायला सांगितलं. मी बसले नाही.

महिनाभरानं मोजे आले. सगळ्या लाईनमनना वाटले गेले आणि कोणी नावं तपासलीच नव्हती, म्हणून सुमेधच्या नावाचा जोडही घरी आला. नवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. वर्षानं तो बराच वेळ मांडीवर ठेवला. मग म्हणाली, ‘‘ताई, चाला माह्यासंगं.’’ आम्ही वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिनं पिशवी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि अगदी हळू आवाजात बोलली.

‘‘हे ज्या हातांत पाहिजे होते, ते हात आमी जाळून आलो साहेब.’’

साहेब पाणी मागवू लागले. आम्ही पाण्यासाठी थांबलो नाही. निष्काळजीपणाचा शेरा काढा, असा अर्ज आता आम्ही दिला आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही दर आठवड्याला जातो आहोत आणि जात राहणार आहोत.

लाईट गेली की लोक अजूनही सवयीनं सुमेधचाच नंबर लावतात. फोन वर्षाकडं असतो. तिनं तो बंद केलेला नाही. ती उचलते, पलीकडचा माणूस नाव न विचारता लाईट कधी येणार ते विचारतो, आणि ती अंधारात बसून प्रत्येकाला एकच सांगते, ‘‘लाईट येईन. खांबावर माणूस आहे. त्याले उतरू द्या.’’