हयवदनची बहीण

बंगळुरात बसवनगुडीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या वसुमतीअक्कांचा धाकटा भाऊ हयवदन १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहात गेला आणि पोर्तुगीज पोलिसांच्या हाती सापडला. पुढे बरोबरचे सत्याग्रही सुटून आले, तो आला नाही. असा कैदी आमच्याकडे नाहीच, एवढंच उत्तर तिकडून येत राहिलं.

तेव्हापासून अक्का तिथल्या सगळ्याच कैद्यांसाठी उभ्या राहिल्या. शाळा सुटली की त्या चौकात उभं राहून कन्नडमधून बोलत, मंत्र्यांच्या दारात जाऊन बसत. लोक हळहळत आणि घरी जात.

एकदा फोंड्याचा वामन त्यांना शोधत आला. तो नुकताच गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या तुरुंगातून सुटला होता.

"बाई, हयवदन माझ्या शेजारच्या कोठडीत होता. मार खाऊन बेशुद्ध पडला, तेव्हा त्याला उचलून नेलं. परत आणलं नाही."

"हे सभेत सांगशील?"

"माझा भाऊ अजून आत आहे. मी बोललो तर त्याचेही तसेच हाल करतील."

इतक्या वर्षांनी साक्षीदार मिळाला होता.

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या, "नको बोलूस."

१९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. अक्का तुरुंगाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. वामनचा भाऊ लंगडत बाहेर आला, त्याला त्यांनी धरून बसवलं, पाणी पाजलं. मग हयवदनला कुठे पुरलं, हे त्या दिसेल त्याला विचारत फिरल्या. कोणालाच ठाऊक नव्हतं.