हायवेला ॲव्हरेज वाढतं म्हणे! संभाजीनगर ते डोंगरकडा, बॅटरीच्या गाडीनं

भाची पूजाचं लग्न डोंगरकड्याला ठरलं, तेव्हाच मी फोनवर सांगून टाकलं, "मामा नवी गाडी घेऊन येणार, आणि तुझी पाठवणी त्याच गाडीतून!" पूजा हसली. तिचं मागणं वेगळंच होतं. "मामा, मंगलाष्टकाला तुमी माझ्या मागं पाहिजे बरं का." नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि पूजाला मामा एकच. मी.

आदल्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, म्हणून लग्नाच्या दिवशी पहाटे संभाजीनगर सोडलं. मी, बायको आणि डिकीत ठासून भरलेला आहेर. कागदावर गाडीची रेंज चारशे किलोमीटर, गावातल्या गावात सव्वातीनशे मिळायचीच. मी म्हटलं, ट्रॅफिकमध्ये एवढी, तर हायवेला किती देईल! इतकी वर्षं पेट्रोलची गाडी चालवलेली. हायवेला ॲव्हरेज वाढतं हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथंच तर घोडं पेंड खातं!

बॅटरीच्या गाडीचं सगळं उलटं, मंडळी. गावात ब्रेक दाबला की थोडी वीज बॅटरीत परत जाते. हायवेला ब्रेक लागतोच कुठं? वेग वाढला की समोरचा वाराच बॅटरी खातो. आणि कागदावरचा तो आकडा चाचणीतला, बेताच्या वेगाचा. मी मात्र शंभरच्या पुढे, एसी फुल्ल, बाहेर मराठवाड्याचं ऊन.

जिंतूरला गरम भजी आणि चहा घेतला, झकास. रस्ताही बरा आहे. हिंगोलीत चार्जिंगला दोन गाड्या आधीच उभ्या होत्या. बायको म्हणाली, "अहो, थांबू या. उशीर झाला तरी पोचू तरी." मी म्हणालो, "आता डोंगरकडा ते काय राहिलं!" काय दुर्बुद्धी सुचली मला!

कळमनुरीच्या पुढे रस्त्याकडेला शिजवलेली हळद वाळत पडलेली, वास नाकात बसलेला. पण लक्ष होतं कुणाचं? एसी बंद, काचा खाली, चाळीसचा वेग. वारंगा फाट्यावर गाडीनं मान टाकली.

चहाच्या टपरीवाल्यानं मोठ्या मनानं वायर लावू दिली. वर विचारलं, "भाऊ, हायवेला किती ॲव्हरेज देऊन राहिली?" काय सांगणार, कपाळ? टपरीच्या साध्या प्लगवर बॅटरीचा आकडा हलेना. बहिणीचे फोनवर फोन, "दादा, कुठं हायेस? गुरुजी थांबत न्हाईत."

"गाडी राहू द्या इथं, टमटम पकडू," बायको म्हणाली.

"आणि पाठवणी?"

"अहो, तिला गाडी नकोय, मामा पाहिजे!"

तरी मी बसून राहिलो. थोडा वेळ, अजून थोडा वेळ. पाठवणी त्याच गाडीतून म्हणालो होतो ना! शेवटी टमटममध्ये बसलो आणि मांडवाशी उतरलो, तेव्हा आत टाळ्या वाजत होत्या. पायाखाली अक्षता. पूजाच्या मागे शेजारचे भाऊराव उभे होते, घामानं भिजलेले. पूजानं मला बघितलं. मला वाटलं, आता रडेल, नाही तर चिडेल. ती म्हणाली, "मामा, जेवून घ्या आधी." माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना. पाठवणी झाली ती भाड्याच्या जीपमधून.

गाडी रात्रभर टपरीवरच चार्ज झाली. दोनशे रुपये दिले, तो नको नको म्हणत होता. परतताना ऐंशीच्या वर गेलो नाही, हिंगोलीत थांबून चार्जिंग केलं, आणि सुखरूप घरी आलो. तुम्ही निघणार असाल तर कागदावरची रेंज विसरा. हायवेच्या वेगानं, एसी लावून, शंभर किलोमीटरला किती युनिट जातात ते आधी एकदा स्वतः बघा, आणि वाटेत चार्जर दिसला की थांबा. मला हे कळलं, पण फार महागात.

परवा बहिणीचा फोन आला. धाकटीचंही जमून राहिलंय. मी म्हणालो, "या वेळी आठ दिवस आधी येतो."

"ये की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "पण मागं उभं राहायला भाऊराव हायेत. तिनंच सांगितलंय त्याह्यला. तुला काहून तकलीफ, दादा?"