लक्झेंबर्गची विहीर

"उद्या मंत्री येणार. विहिरीत पाणी दिसलंच पाहिजे," मोठे साहेब म्हणाले.

विहीर ठणठणीत कोरडी होती. म्हणून तर मी, पाणीपुरवठ्याचा डेप्युटी इंजिनिअर, ती विहीर असलेल्या गावाला टँकर देण्याची फाईल घेऊन त्यांच्यासमोर उभा होतो.

लातूर जिल्हा तेव्हा नवा. खुर्च्या नव्या, पाट्या नव्या, दुष्काळ तेवढा जुना. साहेब नुकतेच सरकारी खर्चानं लक्झेंबर्ग बघून आले होते. आल्यापासून त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. देश आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान. वर ग्रँड ड्यूक, म्हणजे राजा. तो सही करतो, कारभार पंतप्रधान बघतो. एकच सभागृह, मतदान सक्तीचं. पोलादावर देश श्रीमंत झाला, पोलाद बसायला लागल्यावर त्यांनी बँका वाढवल्या. गावकारभाराला तिथं कम्यून म्हणतात, आणि पिण्याचं पाणी कम्यूनच बघते. हे शेवटचं साहेब हात उंचावून सांगायचे.

आमच्याकडं गावानं आधी ठराव करायचा. मग बीडीओ आणि मी मिळून विहीर बघायची, तिला संयुक्त पाहणी म्हणतात. मग फाईल वर, आणि शेवटी याच साहेबांची सही. ती काही होत नव्हती.

साहेबांना मंत्र्यांना दाखवायला एक कम्यून हवी होती. हमरस्त्याला लागून म्हणून त्यांनी नेमकं हेच गाव धरलं. सकाळीच मंजुरीबिंजुरी न घेता टँकर विहिरीत रिकामे झाले. साहेबांनी साऱ्या गावासमोर "हे आपलं लक्झेंबर्ग" म्हणून विहीर दाखवली. मंत्र्यांनी वाकून पाणी बघितलं, मान डोलावली, चहा पिऊन गेले. संध्याकाळपर्यंत बायांनी विहीर तळापर्यंत उपसून नेली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फाईल ठेवली. साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"मंत्र्यांनी स्वतः पाणी पाहिलंय. आता टँकर कसा देणार?"

"साहेब, ते पाणी आपणच ओतलं होतं."

"रेकॉर्डवर तसं नाही."

आग लागो त्या रेकॉर्डला! असं मी मनात म्हणालो. तोंडानं "बरं सर" म्हणालो, नोकरी होती.

बाहेर सरपंच केरबा कांबळे बसले होते. त्यांची सून पोटुशी, दिवस भरत आलेले, तरी नदीतल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरत बसायची. मी काय झालं ते सांगितलं. ते चिडले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

"आता सुनेला माहेरी धाडतो अन् गाव सोडतो," ते म्हणाले. "मंत्री काय रोज येत न्हाईत."

मी तसाच उलट्या पावली आत गेलो. म्हणालो, साहेब, मंत्र्यांना गाव फार आवडलंय म्हणतात. न कळवता पुन्हा येतील, सोबत पाहुणे आणतील. यातलं एक अक्षर खरं नव्हतं. साहेबांचा चेहरा पार उतरला.

"मग विहीर भरलेली ठेवा. रोज."

"मंजुरी, सर?"

"अहो, प्रात्यक्षिकाला कसली मंजुरी?"

पाऊस पडेपर्यंत टँकर रोज आला. मंत्री काही फिरकले नाहीत. केरबामामांची सून घरीच बाळंत झाली. नोकरीत मी एवढंच शिकलो, की वर गावाची तहान सांगून काही हालत नाही. साहेबाची अब्रू जाईल म्हणावं, लगेच डिझेल निघतं.

रिटायर झाल्यावर एकदा उन्हाळ्यात त्या गावावरून गेलो. विहिरीपाशी बाया घागरी मांडून उभ्या होत्या. कशासाठी थांबलात, विचारलं.

"लक्झेंबर्ग यायचाय," एकीनं सांगितलं. "आज लई उशीर केला मेल्यानं."