कुसगावचा सातवा जोड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. रोज सकाळी कामांची यादी लिहिणारी बाई मी—पण ही एक ओळ कधी कागदावर उतरवली नाही. आज तुम्हाला सांगते.

कुसगावजवळ गॅसची पाइपलाइन टाकत होतो. तपासणी माझ्याकडे. या पोलादाचा जोड वेल्डिंगआधी तापवायचा आणि नंतर हळूहळू निवू द्यायचा. भरकन गार झाला, तर वेल्डिंगलगतचा पट्टा फार कडक होतो—आणि कडक म्हणजे मजबूत नव्हे, तडकणारा. म्हणून जोडाला जाड पांघरूण गुंडाळायचं. साइटवर सगळे त्याला गोधडी म्हणत.

वेल्डर होते वडिवळ्याचे किसनभाऊ. वयानं मोठे, कामात निष्णात. त्या दिवशी माझी लगबग बघून म्हणाले, "ताई, घाई तुमच्या वहीला हाय, लोखंडाला न्हाई." सगळे हसले. मला ते लागलं—इतकं का लागावं?

दिवसाला आठ जोड, असं मी ठरवलं होतं. मीच, वरून कुणाचाही हुकूम नव्हता. आणि गोधड्या कमी होत्या. माणसं चहाला गेली, तेव्हा आठव्यासाठी सातव्या जोडाची गोधडी मी स्वतः सोडली. जोड अजून इतका तापलेला होता की हात लावू देत नव्हता, घाटावरचं वारं बोचरं होतं. भाऊ परत आले, "निवला व्हय?" म्हणाले. मी म्हटलं, निवला.

दुसऱ्या दिवशी तपासणीत तो जोड मर्यादेपेक्षा कडक निघाला. साहेबांनी विचारलं, गोधडी पूर्ण वेळ होती ना? मी—हो म्हणाले. मग चुकलं कुठं, असं ते म्हणाले. भाऊंनी आधी नीट तापवलं नसेल, हेही मीच सुचवलं.

भाऊंना काढलं. पाइपलाइनच्या कामावर त्यांना पुन्हा कुणी घेतलं नाही. जोड कापून नवा घातला, कुणाला इजा झाली नाही—अशी मी मनाची समजूत घालत आले. पण त्या माणसाचं काय?

गेल्या महिन्यात कामशेतच्या बाजारात भाऊ भेटले. आता खिडक्यांच्या जाळ्या करतात. माझी आपुलकीनं चौकशी केली. मग थांबून म्हणाले, "त्यो जोड अजून डोक्यातनं जात न्हाई, ताई. माजंच तापवणं कमी पडलं आसंल."

ते समोर उभे होते. आम्ही दोघंच होतो. सांगता आलं असतं.

मी म्हणाले, "असेल, भाऊ."