उठवून पाहिलेली गाडी

नोटीस शुक्रवारी लागली. खाप्याच्या बाजूच्या गावांचं फिरतीचं सर्कल रिकामं झालं होतं आणि ज्याच्याकडे स्वतःची मोटारसायकल आहे अशाच स्टॉकमनला ते मिळणार होतं. अर्ज सोमवारी द्यायचा, सोबत गाडीचे कागद किंवा निदान विकणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी.

मी तेव्हा नागपुरात जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांचा मदतनीस, होतो आणि बायको खाप्याच्या शाळेत शिकवत होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आमची भेट फक्त रविवारी व्हायची, तीही एस.टी. वेळेवर आली तर. ते सर्कल मिळालं तर एका घरात राहता येणार होतं. नाही मिळालं तर माझी बदली उमरेडच्याही पलीकडे ठरलेली होती, म्हणजे रविवारही जाणार होता.

लायसन्स मी काढून ठेवलं होतं, गाडी नव्हती. नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे जुनीच घ्यायची होती. शिवाय ती दोन्हीकडे चालणारी हवी होती. सावनेरपर्यंत डांबरी रस्ता, पण गावागावांत शिरायचं ते पांधणीनं, म्हणजे दोन वावरांमधल्या बैलगाडीच्या वाटेनं. माती काळी. ओली झाली की माणसाची चप्पल ठेवून घेते.

याद्या करायची मला पहिल्यापासून सवय. त्याच संध्याकाळी वहीत चौदा मुद्दे लिहिले. पेट्रोल किती खाते, किक कितव्या वेळेला लागते, पार्ट नागपुरात मिळतात का, मागे लसीची पेटी बांधता येते का, ब्रेक, दिवा, चेन, टायर वगैरे. शनिवारी वही घेऊन निघालो. माझ्या ऐपतीत बसतील अशा दोनच गाड्या शहरात सापडल्या. एक रामदासपेठेत, निवृत्त सर्व्हेयरची. भारी, काळी, आवाज दमदार, मालकाने आयुष्यभर फडक्याने पुसलेली. दुसरी नंदनवनात, एका मेकॅनिकने स्वतः जुळवलेली. हलकी, टाकी लाल, बाजूचे डबे हिरवे, पुढचं मडगार्ड चाकापासून वर उचलून बसवलेलं, त्यामुळे मान वर केलेल्या कोंबड्यासारखी दिसायची. चौदापैकी भारी गाडीला अकरा मिळाले, हलकीला सहा. मेकॅनिक म्हणाला, "उद्या पाच वाजेपर्यंत ठेवतो साहेब. मग एक दूधवाला येऊन राहिला."

मी मनातून भारी गाडी घेऊन टाकली होती. तरी ट्रायल घ्यायची म्हणून रविवारी सकाळी नऊला रामदासपेठेत गेलो. सर्व्हेयर व्हरांड्यात उभे होते.

"ढोरांचे डॉक्टर ना तुम्ही? कुठपर्यंत नेणार?"

"सावनेरच्या अलीकडे. भावाचं वावर आहे."

"दोन वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. त्याआधी गाडी दारात पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा. खरवडली, वाकली, तर ती तुमची झाली. मग मागे घेणार नाही."

मी कबूल केलं, सायकल त्यांच्या फाटकाशी लावली आणि निघालो.

डांबरी रस्त्यावर ती गाडी लोण्यासारखी चालली. दादाच्या वावरावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. दादा संत्र्याच्या झाडांना आळी करत होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"बरात निघाली का गा कोनाची?"

"दादा, मस्करी नको करू. दोन वाजता परत नेऊन द्याची आहे. पांधणीनं विहिरीपर्यंत जाऊन येतो."

"जाय. पाऊस थांबून चार रोज झाले. वरून वाळली दिसते, खालून नाही वाळली."

मी शंभर पावलंही गेलो नसेन. पुढचं चाक जड झालं, मग फिरायचंच थांबलं. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती अशी ठासून भरली होती की चाक नुसतं घसरत होतं. मी पाय टेकवला, पाय सरकला आणि गाडी डावीकडे आडवी झाली. पाय वेळेवर काढला म्हणून वाचलो.

टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळत होतं. मी हँडल धरून जोर लावला. गाडी वीतभर उठली आणि बसली. दुसऱ्यांदा माझेच पाय मातीत सरकले. तिसऱ्यांदा मी गुडघ्यांवर आलो. उठून पाहिलं तर क्लचचा लिव्हर वाकला होता. वाकली तर तुमची. मला उचलता न येणारी गाडी माझी झाली होती, आणि उद्या मी तिचेच कागद देऊन सर्कल मागणार होतो.

दादा सावकाश आला. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहीत किती गोष्टी लिहिल्या म्हणे?"

"चौदा."

"बैल घेतो तेव्हा काय पाहतो गा आपण?"

रोज तेच काम करणारा माणूस मी. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. आणि शेवटी बैलाला बसवून उठवतो. एका दमात उठला नाही तर पुढची बोलणीच होत नाहीत.

"याले उठवून पाहिलं होतं का काल?"

"नाही."

"काहून? हा बैल नाही म्हणून?"

दोघांनी मिळून गाडी उभी केली. कुंपणातल्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांनी मडगार्डमधली माती उकरली. त्यातच अर्धा तास गेला. मग किक लागेना. प्लग काढला, दादाच्या धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा बसवला. बारा वाजून गेले होते. दादा म्हणाला, "न्यावं लागते तर बैलगाडीत टाकून देऊ." मला हसू आलं नाही. कितीतरी किक मारल्यावर इंजिनाने एकदा खोकल्यासारखं केलं आणि धरलं. विहिरीवर गाडी धुतली. पक्कड घेऊन लिव्हर जवळजवळ सरळ केला. बारकाईने पाहिलं नाही तर कळलं नसतं.

"सांगशील त्याले?" दादाने विचारलं.

"पाहू."

परतीच्या वाटेवर सांगायचं की नाही, याखेरीज दुसरं काहीच डोक्यात नव्हतं. न सांगता सुटलो तर नंदनवनात वेळेवर पोचता येईल. सांगितलं तर ही गाडी गळ्यात. दोन्ही गाड्या घ्यायची ऐपत नव्हती.

दोनला दहा कमी असताना फाटकाशी उतरलो. सर्व्हेयर गाडीभोवती फिरले. सीटवरून हात फिरवला, टाकीवरून, हँडलवरून. हात लिव्हरवर थांबला.

"पडली?"

"हो. पांधणीत."

"मी काय सांगितलं होतं?"

"वाकली तर माझी."

"मग?"

"मग माझीच. पण मला ती एकट्याने उचलता येत नाही. माझं काम एकट्याचं आहे."

"उचलली कोणी?"

"भावाने आणि मी."

ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले. चष्मा काढून पुसला.

"मागच्या पावसाळ्यात मी काटोल रस्त्यावर पडलो. दोन तास तिच्याशेजारी बसून होतो. एक ट्रकवाला थांबला तेव्हा ती उभी झाली. त्यानंतर बाहेर काढली नाही."

"काल सांगितलं नाही तुम्ही."

"चौदा गोष्टी विचारल्या तुम्ही. हे विचारलं नाही."

फाटकापाशी एक रिक्षा थांबली आणि दुसरं गिऱ्हाईक उतरलं, कडक इस्त्रीतले एक गृहस्थ. सर्व्हेयरनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिव्हर नवा आणून द्या आठवड्यात. आणि जा. यांना तरी आता सांगावं लागेल."

मी सायकल काढली. नंदनवनापर्यंत वारं समोरून होतं. पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. लाल-हिरवी गाडी दुकानासमोर उभीच होती. मी आधी तिच्या मडगार्डखाली मूठ घातली. मूठ आरपार गेली. मग स्टँड काढला आणि गाडी हळूच जमिनीवर आडवी केली.

मेकॅनिक हातातला पाना टाकून धावत आला. "अरे साहेब, काहून पाडून राहिले गाडीले? नाही घ्याची तर नका घेऊ."

मी हँडल धरलं, गुडघा लावला आणि उचलली. पहिल्याच दमात उभी राहिली. खात्रीसाठी उजव्या बाजूला पाडून पुन्हा उचलली. मग त्याच्याकडे विक्रीच्या चिठ्ठीसाठी कागद मागितला.

खाप्याचं सर्कल मला मिळालं. पहिल्याच आठवड्यात कन्हान नदीच्या अलीकडे, पांधणीच्या वळणावर, मी गाडीसकट आडवा झालो. आजूबाजूला कोणी नव्हतं. लसीची पेटी सोडवून बाजूला ठेवली, गाडी उचलली, मडगार्डखालची माती बोटाने काढली, पेटी पुन्हा बांधली. गावात पोचलो तेव्हा पेटीतला बर्फ अजून वितळायचा होता. संध्याकाळी घरी गेलो तर बायकोने माझ्या कपड्यांकडे पाहिलं आणि न विचारता बंबात पाणी ओतलं.