शंभर मीटरसाठी सोडलेलं गाव

अंबाजोगाईच्या स्टँडवर अण्णा मला सोडायला आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर पीठ होतं. आमची पिठाची गिरणी. सकाळची दळणं तशीच ठेवून ते निघाले होते, आणि एसटी लागेपर्यंत तीनदा म्हणाले, खिडकीशी बस, उलटी होते तुला. आई स्टँडवर आलीच नाही. तिनं दारातच सांगून टाकलं होतं, "एक वर्ष बघ. न्हाई जमलं तर गुमान मागं यायचं." पळण्यात जिल्ह्यात पहिली आले म्हणून गाव सोडायचं, हे तिला पटत नव्हतं. खरं सांगू, एसटी सुटल्यावर मलाही पटेनासं झालं.

हे लिहितेय ते माझ्या एका फजितीवरून गिरणीच्या ओट्यावर बसून अजून टिंगल करणाऱ्या मैत्रिणींसाठी. आणि माझ्यासारखी बॅग उचलून इकडे पुण्याजवळ आलेल्या, भोसरी-चाकणच्या खोल्यांत राहणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींसाठीही.

मी उतरले मोशीला, आत्याकडे. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, मूळचे मोशीचेच. त्यांच्या लहानपणी जिथं शेत होतं तिथं आता अकरा मजली सोसायटी आहे, आणि ते चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जातात. माझं कॉलेज निगडीला. पहिले पंधरा दिवस मी न चुकता चुकीच्या बसमध्ये बसले. गावात चार पावलं टाकली की कुणीतरी विचारायचं, कुठं चाललीस गं? इथं लिफ्टमध्ये कुणी मोबाइलमधून मान वर करत नव्हतं. मी बाथरूमचा नळ सोडून रडायचे. आत्याला वाटायचं, पोरगी फार स्वच्छतेची आहे.

आता त्या फजितीचं सांगते. आपल्या शाळेतल्या शर्यती आठवतात ना? चुन्याच्या फक्कीची रेघ वाऱ्यानं उडून जायची आणि पहिला कोण यावरून भांडणं व्हायची. म्हणून गुरुजी शेवटाला हात पसरून उभे राहायचे. ज्याची टाळी त्यांच्या हातावर आधी पडेल तो पहिला. मी लहानपणापासून तशीच पळत आले होते. जिल्ह्याच्या स्पर्धेत नशिबानं समोर आडवी दोरी होती, त्यामुळे खोड झाकून राहिली. कॉलेजच्या निवड चाचणीत मी शंभर मीटरला कडेच्या लेनमध्ये होते, आणि सगळ्यांच्या पुढे. शेवटाजवळ ट्रॅकच्या बाहेर एक सर स्टॉपवॉच धरून, हात पुढे करून उभे दिसले. मी लेन सोडली, तिरकी त्यांच्याकडे गेले आणि ठेवून दिली टाळी. स्टॉपवॉच गवतात पडलं. मी वळून रेघ ओलांडेपर्यंत दोघी पुढे निघून गेल्या होत्या.

सगळं मैदान हसत होतं. आमच्या कोच मॅडमही पोटभर हसल्या आणि मग माझ्याजवळ आल्या.

"टाळी द्यायला थांबूनही तिसरी आलीस," त्या म्हणाल्या. "सरळ पळाली असतीस तर?"

त्यांनी उद्यापासून सकाळी सहाला यायला सांगितलं.

सहाला निगडीत पोचायचं म्हणजे मोठाच प्रश्न. मामांनी सुपरवायझरला सांगून सेकंड शिफ्ट मागून घेतली, म्हणजे सकाळी मला बाइकवर सोडता येईल. मध्यरात्रीनंतर घरी येणारा माणूस पाचला उठणार, म्हणून मी म्हणाले, राहू द्या, बसनं जाते. "काय नको. चुकीच्या गाडीत बसशील अन् आळंदीला उतरशील," एवढंच ते बोलले. पाच महिने त्यांनी मला सोडलं. मी मात्र स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घालून पहिल्याच दिवशी दहाव्या पावलाला तोंडावर पडले होते. सुरुवातीला पाय टेकवायच्या ब्लॉकमधून सुटणं तर मला अजूनही धड जमत नाही.

विद्यापीठाच्या स्पर्धेत शंभर मीटरच्या फायनलला पोचलेली पहिल्या वर्षाची मी एकटीच. पहिल्या दोघींना विद्यापीठाच्या संघात जागा होती. ती मिळाली तरच आईला दाखवायला काहीतरी असणार होतं, नाहीतर गुमान मागं. पिस्तूल वाजलं आणि मी नेहमीप्रमाणे उशिरा उठले. तीस मीटरपर्यंत मला साती जणींच्या पाठी दिसत होत्या. मग चार दिसल्या, मग एक. मग एकही दिसेना. समोर कुणीच नसतं आणि पाय अजून दमलेले नसतात, तेव्हा किती छान वाटतं ते तुम्हाला कसं सांगू? रेघ ओलांडून मी तशीच पुढे गेले, मला थांबवेचना. जाळीबाहेर मामा कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये उभे होते आणि शर्यत संपली तरी "पळ गं पोरी, पळ" म्हणून ओरडत होते. शंभरला चुकून जिंकली असं कुणी म्हणू नये म्हणून दुसऱ्या दिवशी दोनशेलाही पहिली आले.

फोन केला तर अण्णांनी गिरणी थांबवून सगळं दोनदा ऐकलं. आईनं विचारलं, पडली-बिडली न्हाईस ना? वर्षाच्या मुदतीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मलाही विचारायचा धीर झाला नाही.

मे महिन्यात गावी गेले. हार झाले, पेढे झाले, शाळेत भाषणही झालं. मुदतीचं मात्र आईनं काढलं नाही. चौथ्या दिवशी मी गिरणीत दळण धरत बसले होते. शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या आणि त्यांनी आईला विचारलं, आली का पोरगी परत कायमची? मी मान खाली घातली.

"न्हाई ओ," आई म्हणाली. "सुट्टीला आलीय. जून लागला की जाईल तिच्या घरी."

एवढं बोलून तिनं ज्वारीचा डबा गिरणीत ओतला. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं, तरी मला तिथंच रडू आलं. आपल्याकडे पोरीला असं "तिचं घर" मिळतं ते लग्नानंतर. मला ते अठराव्या वर्षी, माझ्या पायांनी मिळवून दिलं.