भाकरीवाले तात्या खर्ड्याला निघतात

बोरवाडीच्या रंभाजी तात्यांना नुसत्या नावाने कुणी ओळखत नसे. 'भाकरीवाले तात्या' म्हटलं की पंचक्रोशीतलं शेंबडं पोरही घर दाखवायचं. तात्या स्वतः भाकरी थापत होते असं मात्र कुणी समजू नये. चुलीवरचा चहा उतू चालला तरी ते विमलबाईंना हाका मारत बसत, स्वतः उठत नसत. पण सप्ताह आला की या माणसाच्या अंगात वारं शिरायचं.

ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडाला परत आली की जामखेडच्या या कोरड्या पट्ट्यात सप्ताहांचा हंगाम सुरू होतो. एका गावात सात दिवस भजन-कीर्तन, आणि आसपासच्या गावांनी एकेक दिवस वाटून घेऊन भाकरी पुरवायची, अशी रीत. आमटी यजमान गावाची, मोठ्या काहिलीत शिजलेली. भाकरी पाहुण्या गावाची, घराघरांतून गोळा होऊन ट्रॉलीत बसून आलेली. बोरवाडीची ही ट्रॉली तात्यांच्या ताब्यात असे. कुठल्या घरात पीठ सरलंय, कुठली सून भाकरी जाड थापते, कुणाच्या घरी बाळंतीण आहे म्हणून तिथं मागायचं नाही, हे त्यांना तोंडपाठ. भाकरी गार झाल्याशिवाय चळत लावू द्यायचे नाहीत. गरम भाकरीवर भाकरी ठेवली की तिला घाम फुटतो आणि दुपारपर्यंत ती आंबते, हे त्यांनी नव्या सुनांना इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या आपसात त्यांची नक्कल करत.

तात्यांच्या पंगतीतून कुणी उपाशी उठलं नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. आणि तो खराही होता. मंडपात कीर्तन रंगात यायचं तेव्हा तात्या मंडपामागे, ट्रॉलीपाशी, खांद्यावरच्या उपरण्याने माश्या हाकत उभे असायचे.

तर अशा या तात्यांना वैशाखातल्या एका दुपारी त्यांच्या लेकीचा, सायलीचा, पुण्याहून फोन आला. सायली हे त्यांचं उशिरा झालेलं एकुलतं लेकरू. बारावीपर्यंत जामखेडला शिकली, मग गाणं शिकायचं म्हणून पुण्याला गेली, आणि आता तिथंच लहान मुलांना गाणं शिकवत होती.

"तात्या, खर्ड्याच्या किल्ल्यात उन्हाळी संगीत महोत्सव हाय. मला गायला बोलावलंय."

"किल्ल्यात? वा! किती दिवसांचा?"

"तीन दिवसांचा. माझं गाणं शनिवारी हाय. तुमी आन् आई या. पुढच्या रांगेत जागा ठेवलीय तुमच्यासाठी."

"म्हंजी शनिवार आपल्याकडं," तात्या म्हणाले, आणि फोन ठेवून तडक देवळाकडे निघाले.

आता यात तात्यांची काय चूक? तीन दिवस लोक जमणार, गाणं होणार, त्यातला एक दिवस आपल्या पोरीचा. म्हणजे त्या दिवसाची भाकरी बोरवाडीची, हे त्यांना सांगायला कुणी लागत नव्हतं. गाणाऱ्याच्या गावाने हात हलवत जायचं, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात मावली नसती. देवळातला माईक हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं की शनिवारी अख्ख्या गावाने खर्ड्याला जायचं आहे, भाकरी दुपारच्या आत पारावर आली पाहिजे, आणि भाकरी गार करूनच आणायची आहे.

गाव तर तयारच बसलं होतं. आपल्या गावची पोर किल्ल्यात गाणार म्हटल्यावर कोण मागे राहील? टेम्पोवाला अजिनाथ म्हणाला, भाकरीला माझा टेम्पो, धुऊन-पुसून आणतो. माणसांसाठी दोन ट्रॅक्टर ठरले. आमटीचं काय, यावर पारावर बराच खल झाला. यजमान गाव म्हणून खर्ड्याने आमटी करायला हवी, पण त्यांचा अजून निरोप कसा नाही, याचं तात्यांना नवल वाटत होतं. शेवटी त्यांनीच तोड काढली. काहिलीही आपलीच न्यायची, मसालाही आपलाच.

विमलबाई तेवढ्या गप्प होत्या. रात्री ताट वाढताना त्यांनी विचारलं, "अवं, पोरीला इचारलं का हे समदं?"

"भाकरीला कुनी न्हाई म्हनतं व्हय?"

विमलबाईंनी पुढे काही विचारलं नाही. संसाराच्या इतक्या वर्षांत भाकरीच्या बाबतीत नवऱ्याशी वाद घालून उपयोग नसतो, एवढं त्या शिकल्या होत्या.

गुरुवारी संध्याकाळी अजिनाथने धुतलेल्या टेम्पोसमोर उभं राहून फोटो काढला आणि मोबाईलच्या स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'चला खर्डा! बोरवाडीकरांचा महाप्रसाद.' अर्ध्या तासात सायलीचा फोन.

"तात्या, हे काय चालवलंय तुमी?"

तिचा आवाज असा होता की तात्या दचकलेच. "काय झालं? आमटीचं म्हनतीस का? ती केली सोय."

"अवं, तिथं पंगत नसती! लोक गाणं ऐकत्यात आन् घरी जात्यात."

तात्यांना हे खरंच वाटेना. "न जेवता?"

"खायची दुकानं असत्यात तिथं. आन् किल्ल्यात बाहेरचं खाणं न्यायला बंदी हाय."

"मग दरवाजाभाईर बसवू पंगत. मोकळी जागा हाय की खंदकापाशी."

"कुनी भाईर येनार न्हाई, तात्या."

"मी उभा राहून बोलावतो. एकेकाला हाताला धरून आनतो. त्यात काय?"

सायली काहीतरी नवीन अडचण काढायची आणि तात्या ती चुटकीसरशी सोडवायचे. उरलेल्या भाकरीचं काय? उरतच नाही. पाणी? टँकर सांगितलाय. पत्रावळ्या वाऱ्याने उडतील? दगड ठेवू. तात्या रंगातच आले होते. अशी अडचणींची भेंडोळी त्यांनी जन्मभर सोडवली होती, त्यांना वाटलं पोरीला काळजी लागलीय, तिचा जीव भांड्यात पडला म्हणजे झालं.

मग सायलीने अडचणी काढणं सोडून दिलं.

"तात्या," सायली हळू म्हणाली, "मी गात असताना तुमी कुठं असनार?"

"मी? भाकरीपाशी."

"तेच म्हनते मी. नका आनू भाकरी."

"तुला लाज वाटती का गावच्या भाकरीची?" तात्यांचा आवाज चढला. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. पुण्यात राहून पोर बदलली, असं मनात येऊन त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाज कसली? त्या भाकरीवरच वाढले मी. पण तुमी माझं गानं एकदा तरी ऐकलंय का?"

"आता हे काय इचारनं झालं? लई येळा ऐकलं."

"कवा? आपल्या सप्त्यात मी पयल्यांदा गौळण म्हनले, तवा तुमी कुठं हुता?"

"मंडपामागं."

"नगरला स्पर्धेत पयला नंबर आला तवा?"

"त्या दिवशी काला हुता गं. भाकरी आपली हुती."

"पुन्याला माझा पयला कार्यक्रम झाला. आई आली हुती एस्टीनं. तुमी?"

तात्यांना आठवलं. शेजारच्या गावचा सप्ताह होता, आणि ऐनवेळी एका गावाची ट्रॉली आली नव्हती. ती वेळ त्यांनीच भाकरी नेऊन निभावली होती.

"अगं पर मंडपामागं बी ऐकू येतं की. कर्णा असतो. समदं ऐकू येतं."

"मग सांगा, मी काय गायले हुते त्या दिवशी? आपल्याच गावात, पयल्यांदा."

तात्या आठवू लागले. त्यांना त्या दिवशीची आमटी आठवत होती. मीठ जास्त झालं होतं, म्हणून त्यात पिठाचे गोळे सोडले होते. पावसाचं सावट होतं, म्हणून पाहुण्या गावाच्या भाकरीवर ताडपत्री टाकली होती. कोण जेवायचं राहिलं होतं तेही आठवत होतं. पोरीच्या गाण्यातला एक शब्द आठवेना. त्यांनी विमलबाईंकडे पाहिलं, की ही काही खूण करेल. विमलबाई त्यांच्याकडे सरळ बघत उभ्या होत्या आणि त्यांनी काडीची मदत केली नाही.

"गाव जेवलं, तात्या," सायली म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ती ते लपवतही नव्हती. "लई मोठं काम केलं तुमी. पर मी मंडपात बसून दर बारीला मागंच बघायचे, की तुमी येता का. यंदा तुमी पुढं बसा. भाकरी आली तर तुमी बसनार न्हाई, मला ठावं हाय."

फोन बंद झाला तरी तात्यांनी तो कानालाच धरून ठेवला होता. कुणी भर पंगतीत कानफटात मारली असती तरी त्यांना एवढा धक्का बसला नसता. मारणाऱ्याला उलट काही बोलता तरी आलं असतं. आधी त्यांना राग आला. मग रागाला धरून ठेवायला काही सापडेना. पोरीने खोटं काय सांगितलं? घरातली एकुलती पोर वीसेक वर्षं गात होती आणि बापाला ती गाते एवढीच बातमी होती.

"तू तरी सांगायचं," ते विमलबाईंना म्हणाले.

"किती येळा सांगितलं. तुमी 'भाकरी बघून येतो' म्हनून जायचा, आन् सकाळी यायचा."

शुक्रवारी सकाळी तात्यांनी देवळातला माईक हातात घेतला. घसा खाकरला, पुन्हा खाकरला. मग एका दमात बोलून मोकळे झाले, "उद्या भाकरी करू नका. ज्यानं त्यानं घरून जेवून निघायचं हाय. माझं एवढंच सांगनं हाय."

बोरवाडीत ज्याच्या त्याच्या हातातलं काम थांबलं. तात्यांनी भाकरी रद्द केली! असं आजवर घडलं नव्हतं. महामारीच्या सालातही त्यांनी शिवाराच्या वाटेवर उभं राहून, तोंडाला उपरणं बांधून, येणाऱ्या-जाणाऱ्याला भाकरी दिली होती. भाकरी रद्द व्हायला एकच कारण गावाला ठाऊक होतं, ते म्हणजे सुतक. बघता बघता तात्यांच्या दारात माणसं गोळा झाली. बायका डोक्यावर पदर घेऊन, तोंडं बारीक करून आल्या. अजिनाथ तर टोपी काढूनच आत शिरला.

"तात्या, कोन गेलं हो?"

"कुनी गेलं न्हाई," विमलबाईंनी आतूनच सांगितलं. "ह्यांना उद्या गानं ऐकायचं हाय."

अजिनाथने तात्यांकडे पाहिलं. तात्या जमिनीकडे बघत होते. कुणी गेलं असतं तर लोकांना काय बोलायचं ते कळलं असतं. आता कुणालाच काही सुचेना, आणि माणसं एकेक करून उठून गेली.

शनिवारी दिवस कलायला बोरवाडीचे ट्रॅक्टर खर्ड्यात पोचले. किल्ल्याच्या दगडी भिंतींवर रंगीत दिवे सोडलेले, आत खुर्च्यांच्या रांगा, कोपऱ्यात खाण्याची दुकानं. तात्या पुढच्या रांगेत विमलबाईंशेजारी बसले, आणि लगेच उठले.

"गावच्या मानसांना जागा मिळाली का बघून येतो."

"बसा."

ते बसले. त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. उपरणं मांडीवर घेतलं, खांद्यावर टाकलं, परत मांडीवर घेतलं. मागच्या दुकानावर गर्दी झालेली त्यांना दिसली आणि तिथला पोऱ्या एकटा पुरा पडत नाही हेही दिसलं. ते अर्धे उठले. विमलबाईंनी सदऱ्याला धरून त्यांना खाली ओढलं, आणि नंतर सदरा सोडलाच नाही.

सायली आली. साधी निळी साडी. तिने नमस्कार केला तेव्हा तिची नजर पहिल्या रांगेवरून फिरली, तात्यांवर थांबली, आणि तिने मान खाली घातली. मागे तंबोरे सुरू झाले. तिने सूर लावला. बराच वेळ ती शब्दच म्हणेना, नुसतीच आ करून गात राहिली, तेव्हा तात्यांना घाम फुटला. पोर शब्द विसरली की काय? त्यांनी आजूबाजूला पाहिलं. लोक डोळे मिटून बसले होते.

मग तो आवाज वर चढू लागला. सावकाश, कुठंही न अडखळता, दम न लागता. तात्यांना वाटलं आता थांबेल, तर तो आणखी वर गेला, तिथं थोडा राहिला, आणि कुणी झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तसा हळूच उतरला. तात्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांना भीती वाटली, खरीखुरी भीती. ही आपली सायली? हीच का दाराशी बसून शेंगा फोडायची? एवढं मोठं काहीतरी आपल्या घरात होतं, आपल्या छपराखाली वाढत होतं, आणि आपल्याला पत्ताच नव्हता. कर्ण्यातून हे आलं नव्हतं. की आलं होतं, आणि आपण माश्या हाकत होतो? त्यांना त्या सगळ्या वर्षांचा हिशेब लागेना, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय हेही त्यांना उपरण्यावर थेंब पडला तेव्हा कळलं.

पहिलं गाणं संपलं. टाळ्यांनी किल्ला दणाणला. पलीकडच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ तात्यांचा चेहरा बराच वेळ बघत होते. ते वाकून म्हणाले, "तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"लेक हाय माझी."

"भाग्यवान आहात. कधीपासून गातात त्या असं?"

तात्या विमलबाईंकडे वळले आणि अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "कवापासून गं?"

"पयल्यापासून," विमलबाई म्हणाल्या.